हेडर पाइपाचा गंज : रंग, मुलामा की स्टेनलेस?

(बुलढाणा जिल्ह्यातील गॅरेजवाले, वेल्डर व पेंटर बंधूंसाठी उपयुक्त माहिती)

मोटारीच्या धंद्यात इंजिनच्या मिस्त्रीला मान मिळतो, डेंटर-पेंटरच्या कामाची वाहवा होते. परंतु सायलेन्सर जोडणाऱ्या वेल्डरकडे गिऱ्हाईक येते ते गाडीचा आवाज फुटल्यावरच. मलकापूर, नांदुरा, खामगाव ही गावे जुन्या राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६ वर, म्हणजे आताच्या क्रमांक ५३ वर आहेत. मेहकर आणि सिंदखेडराजा या तालुक्यांतून २०२२ सालापासून समृद्धी महामार्गाचीही वाहतूक सुरू झाली. ट्रक, जीप, काळी-पिवळी, ट्रॅक्टर यांची कामे करणारे आपले पुष्कळ बांधव या पट्ट्यात आहेत. त्यांच्याकडे येणाऱ्या तक्रारींत एक तक्रार वारंवार असते : "पाईप मागच्याच वर्षी बदलला होता, पुन्हा सडला कसा?"

या प्रश्नाचे उत्तर नीट देता येणे हा कारागिराच्या इभ्रतीचा प्रश्न आहे. रंग कोणता टिकतो, मुलामा कोणता उपयोगी, स्टेनलेस कधी घ्यावे आणि कोणते घ्यावे, याची माहिती नसल्यास काम चोख करूनही बोल लागतो. म्हणून या विषयाचा येथे जरा तपशिलाने विचार करू.

प्रश्न केवळ दिसण्याचा नाही

सिलिंडरच्या तोंडातून जळका वायू बाहेर आणणाऱ्या नळ्यांचा जुडगा म्हणजे हेडर. बहुतेक ट्रक, जीप व ट्रॅक्टर यांना त्या जागी बिडाचा मॅनिफोल्ड असतो आणि त्याच्यापुढे बेंड पाईप, नंतर सायलेन्सर. हा भाग इंजिनला अगदी लागून असल्याने येथे भोक पडले किंवा चीर गेली की धूर थेट बॉनेटखाली आणि तेथून केबिनमध्ये शिरतो. त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोके दुखणे, मळमळणे, गुंगी येणे अशी त्याची लक्षणे, आणि प्रमाण वाढल्यास माणूस दगावतो. काचा बंद करून शाळेची मुले किंवा रुग्ण नेणाऱ्या गाडीत तर हा धोका अधिकच. तेव्हा सडलेला हेडर "चालते तोवर चालू द्या" म्हणून सोडून देणे बरोबर नव्हे.

गंज येतो कोठून?

लोखंड, हवा आणि ओलावा एकत्र आले की गंज धरतो, हे सर्वांना ठाऊक आहे. पण ओलावा केवळ पावसाचा नसतो. एक लीटर पेट्रोल जळले म्हणजे साधारण तेवढेच पाणी वाफेच्या रूपाने धुराबरोबर बाहेर पडते. डिझेलचेही जवळपास तसेच आहे. गाडी लांबच्या फेरीला गेली तर पाईप तापून ही वाफ निघून जाते. परंतु घर ते बाजार, बाजार ते दुकान अशा छोट्या फेऱ्यांत पाईप पुरता तापत नाही. वाफेचे पाणी आतच साचते, धुरातील आम्ल त्यात मिसळते आणि पाईप आतून सडू लागतो. म्हणूनच कमी चाललेल्या गाडीचा सायलेन्सर कधी कधी जास्त चाललेल्या गाडीच्या आधी जातो. गिऱ्हाइकाला ही गोष्ट समजावून सांगितली पाहिजे.

दुसरे कारण उष्णता. इंजिनवर भार पडला की हेडरचा पाईप ५०० अंश सेल्सिअसच्या पुढे सहज जातो. पेट्रोल गाडीत अंधारात तो लालसर दिसू लागतो. एवढ्या तापमानाला साध्या लोखंडावर, ओलावा नसला तरी, काळे पापुद्रे धरतात व गळून पडतात. दर वेळी पापुद्र्याबरोबर पत्र्याची थोडी जाडी जाते. म्हणजे हेडरला दोन शत्रू आहेत : थंड असताना पाणी आणि तापल्यावर हवा. यांपैकी एकालाच अडवणारा उपाय पुरेसा पडत नाही.

आपल्या जिल्ह्याची आणखी एक अडचण

थंड देशांत हिवाळ्यात बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यावर मीठ टाकतात आणि त्या मिठाने गाड्यांचे पाईप लवकर खातात. आपल्याकडे बर्फ नाही, परंतु पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाण पट्टा आहे. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तिन्ही जिल्ह्यांत तो पसरलेला आहे. जळगाव जामोद, संग्रामपूर, शेगाव या भागांत बोअरचे पाणी अनेक ठिकाणी खारे लागते. त्याच पाण्याने गाडी धुतली जाते. पाणी वाळते, क्षार मात्र पाईपाच्या सांध्यात आणि क्लॅम्पखाली राहतो. हा क्षार हवेतील ओलावा धरून ठेवतो आणि गंजाचा वेग वाढवतो. गाडी एकदा खाऱ्या पाण्याने धुतल्यास निदान खालच्या भागावर गोडे पाणी मारावे आणि नंतर पंधरा-वीस मिनिटे गाडी चालवून पाईप वाळू द्यावा. तापलेल्या बिडाच्या मॅनिफोल्डवर मात्र गार पाणी कधीही मारू नये, बीड तडकते.

आधी धातू ओळखा

बिडाच्या मॅनिफोल्डवर वरून तांबूस गंज दिसला तरी घाबरण्याचे कारण नाही. त्याची भिंत जाड असते आणि हा वरवरचा गंज वर्षानुवर्षे नुकसान करत नाही. तेथे काळजी घ्यायची ती पॅकिंगची आणि स्टडची. स्टड गंजून पिळले की तुटतात आणि मग ड्रिल मारून काढण्यात अर्धा दिवस जातो. स्टडवर ग्रॅफाइट किंवा तांब्याचे उष्णतारोधक ग्रीस लावून पितळी नट बसवले तर पुढच्या वेळी तेच हात दुवा देतील.

खरा प्रश्न पाईप वाकवून बनवलेल्या हेडरचा व बेंड पाईपचा आहे. त्याची भिंत दीड मिलिमीटरच्या आसपास असते. १६ गेजचा पाईप सुमारे १.६ मिलिमीटर, तर १८ गेजचा सुमारे १.२ मिलिमीटर. दोन्हींच्या किमतीत थोडाच फरक असतो, पण गंजाला खाण्यासाठी १६ गेजमध्ये एक तृतीयांश माल अधिक मिळतो. साध्या लोखंडाचे काम करायचे असेल तर जाड पाईप हाच पहिला व सर्वांत स्वस्त बचाव होय.

रंगाचे काम

साधा इनॅमल रंग किंवा रेड ऑक्साइड हेडरवर लावणे म्हणजे पैसा जाळणे आहे. हे रंग पहिल्याच फेरीत करपतात, धूर देतात व गळून पडतात. येथे सिलिकॉनवर आधारलेला उष्णतारोधक रंग लागतो. त्यात बहुधा अॅल्युमिनियमची भुकटी असते आणि तो चंदेरी दिसतो, काळाही मिळतो. अशा अॅल्युमिनियम रंगासाठी आयएस १३१८३ हे भारतीय मानक आहे. दुकानात २००, ४०० व ६०० अंश अशा वेगवेगळ्या ताकदीचे डबे असतात. हेडरसाठी ६०० अंशांचाच घ्यावा. सायलेन्सरच्या मागच्या भागाला कमी ताकदीचा चालेल.

रंग टिकणे हे डब्यापेक्षा तयारीवर अवलंबून असते. आपल्यातील जुन्या कल्हईवाल्यांना हे सांगावे लागत नसे. नवसागराने भांडे घासून लख्ख केल्याखेरीज कथील धरत नाही, हे त्यांच्या हुनरातले पहिले कलम. हेडरचेही तसेच आहे. तयारीचा क्रम असा :

१) पाईप गाडीवरून उतरवून घ्यावा. गाडीवर ठेवून ब्रश फिरवलेले काम मागच्या बाजूने उघडेच राहते.

२) सर्व गंज व पापुद्रे काढून पांढरी धातू दिसली पाहिजे. वाळूचा मारा उत्तम. तो शक्य नसल्यास ग्राइंडरवर तारेचा ब्रश आणि नंतर पॉलिश पेपर.

३) थिनरने दोनदा पुसून तेल, ग्रीस काढावे. यानंतर उघडा हात लावू नये. बोटाचे तेलही रंग धरू देत नाही.

४) त्याच दिवशी रंग मारावा. पावसाळ्यात घासलेला पाईप रात्रभर ठेवल्यास सकाळी त्यावर तांबूस छटा येते.

५) खाली प्रायमर लावू नये, डब्यावर तसे सांगितले असेल तरच लावावा. दोन किंवा तीन पातळ हात मारावेत. जाड हात फुगतो आणि पोपडे धरतो.

६) शेवटी रंग "भाजावा" लागतो. सिलिकॉन रंग वाळल्यावर घट्ट वाटतो, परंतु पक्का होतो तो उष्णतेने. पाईप बसवून इंजिन दहा मिनिटे नुसते चालू ठेवावे व पूर्ण थंड होऊ द्यावे. मग वीस मिनिटे चालवून पुन्हा थंड करावे. तिसऱ्या वेळी गाडी रस्त्यावर न्यावी. पहिल्या तापण्यात धूर व उग्र वास येतो, म्हणून हे काम उघड्यावर करावे, शटर पाडून नव्हे.

एवढे करूनही एक गोष्ट गिऱ्हाइकाला आधीच सांगावी. पेट्रोल इंजिनच्या ऐन तोंडाशी तापमान ६०० च्या वर जाते. तेथला रंग काही महिन्यांत उडेल. डिझेल गाडीत धूर तुलनेने थंड असल्याने रंग अधिक टिकतो. शिवाय रंग बाहेरून असतो. आतून सडणाऱ्या पाईपाला त्याचा उपयोग नाही.

मुलाम्याचे प्रकार

जस्ताचा मुलामा, म्हणजे जी.आय. पाईप, पाण्याच्या नळासाठी उत्तम आहे. हेडरसाठी अजिबात नाही. जस्त ४२० अंशांच्या आसपास वितळते. शिवाय जी.आय. पाईपाला वेल्डिंग करताना निघणारा पांढरा धूर छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो, हा अनुभव पुष्कळ वेल्डरांना आहे. स्वस्त मिळतो म्हणून तो पाईप वापरू नये.

क्रोमचा मुलामा मोटारसायकलच्या बेंड पाईपवर शोभून दिसतो. त्याखाली निकेलचा थर असतो. तो चांगला असेल तर गंज रोखतो, परंतु एक ओरखडा गेला की तेथूनच गंज आत शिरतो. उष्णतेने क्रोम निळसर पडते. हा दोष नव्हे, तापल्याची खूण आहे.

अॅल्युमिनियमचा मुलामा दिलेला पत्रा व पाईप ही सायलेन्सरसाठी चांगली मधली वाट आहे. लोखंड वितळलेल्या अॅल्युमिनियम-सिलिकॉनमध्ये बुडवून तो तयार करतात. साध्या लोखंडापेक्षा तो उष्णता व पाणी दोन्ही चांगले सोसतो आणि स्टेनलेसपेक्षा स्वस्त पडतो. वेल्डिंगच्या जागी मात्र मुलामा जळून जातो. तो सांधा घासून त्यावर ६०० अंशांचा रंग मारला नाही, तर पाईप चांगला राहून सांधाच सडतो.

मेटल स्प्रे व सिरॅमिक कोटिंग ही कामे विशेष यंत्रावर व भट्टीत होतात. सिरॅमिक थर रंगापेक्षा पुष्कळ अधिक उष्णता सोसतो आणि बॉनेटखालची गरमीही कमी करतो. परंतु त्यासाठी माल मोठ्या शहरात पाठवावा लागतो. हौशी किंवा महागड्या गाडीसाठी हा खर्च ठीक. काळी-पिवळीच्या मालकाला तो परवडणारा नाही.

येथेच दोन घरगुती उपायांविषयी सांगितले पाहिजे. पाईपावर जळके तेल चोपडण्याची रीत आहे. थंड पडून राहणाऱ्या अवजारावर ते ठीक, पण तापणाऱ्या हेडरवर तेल धुमसते आणि पेटते. खामगावसारख्या कापसाच्या बाजारात, किंवा सोयाबीनच्या वाळल्या कुटाराशेजारी, ही जोखीम कोणी घेऊ नये. दुसरी रीत पाईपाला पट्टी किंवा दोरी गुंडाळण्याची. साध्या लोखंडावर ती ओलावा धरून ठेवते आणि आतल्या आत पाईप खाते. जुन्या दोऱ्या अॅस्बेस्टॉसच्या असत. त्यांची भुकटी फुप्फुसाला घातक आहे. अशी जुनी दोरी कोरडी ओरबाडू नये. ओली करून, तोंड झाकून काढावी.

स्टेनलेस : नाव एक, जाती अनेक

ज्या पोलादात किमान १०.५ टक्के क्रोमियम असते त्याला स्टेनलेस म्हणतात. क्रोमियममुळे वर एक अतिशय पातळ थर तयार होतो आणि ओरखडा गेला तरी तो आपोआप पुन्हा भरतो. रंग आणि स्टेनलेस यांत हाच मोठा फरक आहे. परंतु "स्टील" म्हणून मिळणारा सर्व माल सारखा नसतो.

४०९ जातीत सुमारे ११ टक्के क्रोमियम असते. मोटार कंपन्या ही जात एक्झॉस्टसाठी मोठ्या प्रमाणावर वापरतात. तिच्यावर तांबूस छटा येते, पण भोक लवकर पडत नाही. ३०४ जातीत सुमारे १८ टक्के क्रोमियम व ८ टक्के निकेल असते. ती चकाकी राखते आणि ८०० अंशांच्या आसपासही पापुद्रे धरत नाही. ३२१ जातीत टायटॅनियम असते व ती सतत तापणाऱ्या कामासाठी अधिक चांगली. २०० मालिकेत निकेल कमी करून मँगनीज वाढवलेले असते. तो माल स्वस्त, दिसायला तसाच चकचकीत. परंतु खाऱ्या पाण्यात लवकर डागाळतो व गंजतो.

बाजारात एक गैरसमज पक्का बसलेला आहे : "चुंबक लागला नाही म्हणजे ३०४." हे खरे नाही. २०० मालिकेलाही चुंबक लागत नाही, आणि ४०९ ला चुंबक लागतो तरी ते स्टेनलेसच आहे. चुंबकावर भिस्त ठेवून माल घेणारा फसतो व पुढे न कळत गिऱ्हाइकालाही फसवतो. माल घेताना बिलावर जात लिहून घ्यावी, कारखान्याचे तपासणी प्रमाणपत्र मागावे. भंगाराचे व्यापारी जात ओळखण्यासाठी थेंबांचे औषध वापरतात; तशी बाटली दुकानात ठेवणे महाग नाही. मालाचा ऐब सांगून विकावा, ही शिकवण आपल्या बाजारपेठेत जुनी आहे. २०२ चा माल २०२ म्हणून विकण्यात कमीपणा नाही. तो ३०४ म्हणून विकण्यात आहे.

स्टेनलेस जोडताना

स्टेनलेसचे काम बिघडते ते बहुधा सांध्यात. पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

तारेचा ब्रश व ग्राइंडरची चकती स्टेनलेससाठी वेगळी ठेवावी. लोखंडावर वापरलेली चकती स्टेनलेसवर लोखंडाचे कण सोडते, ते गंजतात आणि गिऱ्हाईक म्हणते, स्टील खोटे दिले.

आर्गन वेल्डिंग सर्वांत चांगले. ३०४ ला ३०८ एल, आणि स्टेनलेस साध्या लोखंडाला जोडायचे असल्यास ३०९ एल तार किंवा रॉड वापरावा. पाईपाच्या आतूनही आर्गन सोडल्यास आतला सांधा साखरेसारखा खरखरीत होत नाही.

३०४ पोलाद ४५० ते ८५० अंशांच्या दरम्यान फार वेळ राहिले तर वेल्डिंगच्या कडेचे क्रोमियम कमी पडते आणि तेथे गंजाची रेघ उमटते. म्हणून कमी कार्बनचे ३०४ एल घ्यावे आणि वेल्डिंग थोडे थोडे, थंड होऊ देत करावे.

तापल्यावर स्टेनलेस अधिक वाढते. एक मीटर पाईप ५०० अंशांनी तापला तर साधे लोखंड सुमारे ६ मिलिमीटर वाढते, ३०४ सुमारे ९ मिलिमीटर. हँगर व क्लॅम्प घट्ट आवळले तर सांधा तडकणारच. वाढीला जागा ठेवावी.

स्टेनलेसच्या वेल्डिंगच्या धुरात क्रोमियमची घातक संयुगे असतात. तोंडाला रुमाल बांधून भागत नाही. योग्य मास्क वापरावा आणि हवा खेळती ठेवावी.

हिशेब असा करावा

गिऱ्हाईक किंमत विचारते. कारागिराने त्याला आयुष्याचा हिशेब दाखवावा. उदाहरणादाखल आकडे घेऊ. समजा साध्या लोखंडाचा हेडर ४,००० रुपयांत होतो व दोन वर्षे टिकतो, आणि ३०४ एल चा १०,००० रुपयांत होऊन आठ वर्षे टिकतो. आठ वर्षांत साधा चार वेळा, म्हणजे १६,००० रुपयांचा झाला, शिवाय दर वेळी गाडीचा एक दिवसाचा खाडा. धंद्याच्या गाडीला स्टेनलेस येथे स्वस्त पडले. परंतु मालक दोन वर्षांत गाडी विकणार असेल, तर जाड लोखंडी पाईप व ६०० अंशांचा रंग हाच शहाणपणा. असा हिशेब कागदावर मांडणाऱ्या मिस्त्रीकडे गिऱ्हाईक परत येते.

कायद्याचे भान

स्टेनलेसचा नवा पाईप बनवताना आवाज वाढवून देण्याची मागणी तरुण मुले करतात. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधील नियम १२० प्रमाणे प्रत्येक वाहनास सायलेन्सर असावाच लागतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) नुसार, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, आवाज व धुराच्या प्रमाणाचा भंग केल्यास दहा हजार रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. चालकाच्या लायसन्सवरही गदा येते. तसेच कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून तेथे मोकळा पाईप जोडून देऊ नये. चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना तो १९९५ पासून बंधनकारक झाला आणि आज तो मोटारींत सर्वत्र असतो. सडक्या हेडरचे पापुद्रे त्यात जाऊन अडकतात, हेही हेडर वेळेवर बदलण्याचे एक कारण आहे.

गाडीमालकांसाठी थोडक्यात

आठवड्यातून एकदा तरी गाडी अर्धा तास सलग चालवावी. सायलेन्सरच्या खालच्या अंगास कंपनीने ठेवलेले बारीक भोक पाणी निघून जाण्यासाठी असते. ते वेल्डिंगने बुजवून घेऊ नये. ट्रॅक्टरच्या उभ्या सायलेन्सरवर पावसाळ्यात झाकण ठेवावे, नाहीतर पाणी थेट इंजिनपर्यंत उतरते. सुरू करण्यापूर्वी ते काढण्यास मात्र विसरू नये. केबिनमध्ये धुराचा वास आला किंवा डोके जड झाले तर काचा उघडून गाडी थांबवावी व आधी सांधे तपासावेत.

पुढची वाट

साधे वेल्डिंग जाणणारे हात आपल्याकडे भरपूर आहेत. आर्गन वेल्डिंग जाणणारे कमी. बुलढाणा व खामगाव येथे शासकीय आयटीआय आहेत आणि वेल्डरचे शिक्षण तेथे मिळते. नवे युनिट काढू पाहणाऱ्या तरुणांनी बुलढाण्याच्या जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाची चालू स्थिती विचारावी. या योजनेत २०२२ साली सेवा उद्योगासाठी प्रकल्पाची मर्यादा २० लाख रुपये करण्यात आली आणि अल्पसंख्याकांना ग्रामीण भागात ३५ टक्के, तर शहरी भागात २५ टक्के अनुदानाची तरतूद होती.

कल्हईचा धंदा स्टेनलेसच्या भांड्यांनी मागे पाडला, हे आपण पाहिले आहे. त्याच स्टेनलेसने आज गॅरेजच्या कामात नवी जागा केली आहे. जो कारागीर धातूची जात ओळखेल, सांधा स्वच्छ करील आणि गिऱ्हाइकाला खरी गोष्ट सांगेल, त्याच्या दुकानावर ही जागा चालून येईल.